वर्षाचा आवाज

सेंदाई,
१४ मे

तोकुजीमामांना,
चिसातोचा सप्रेम नमस्कार.

आपली शेवटची भेट झाली तेव्हा मी शाळेत होते, त्यामुळे माझं पत्र बघून तुम्ही चक्रावाल. परवा फोनवर बोलता बोलता आई म्हणाली, "आपला तोकुजी म्हातारपणी कॉम्प्युटर शिकलाय. इंटरनेटवरच्या विश्वकोशात लिहितो. आणि कुणी 'टोकदार पेन्सिल' नावाची बया त्याचं लिहिलेलं सारखं पुसते, म्हणून दिवसभर चरफडत असतो."

मामा, ती बया मी.

म्हणजे नागोशी सुमिए या रेडिओ-निवेदिकेच्या लेखात रोज सकाळी पुरस्कारांची यादी घालणारा तो 'धुक्यातला खेकडा' तुम्ही! मला वाटत होतं, एखादा पंचविशीतला हट्टी मुलगा असेल. गेल्या आठवड्यात मी तुम्हाला "कृपया पोरकटपणा थांबवा" असं लिहिलं. माफ करा. शब्दाबद्दल माफ करा, पुसण्याबद्दल नाही.

मी इथल्या नगर वाचनालयात काम करते आणि मोकळ्या वेळात विश्वकोशातली चरित्रं नीट करते. कुणाच्याही चरित्रात मासिकांनी वाटलेली बिरुदं चिकटवत गेलं तर माणूस दिसेनासाच होतो. सुमिए-सान यांच्या लेखात तुम्ही काय काय घातलंय ते एकदा परक्याच्या नजरेने वाचा. 'उत्तरेतल्या दहा गोड आवाजांत चौथा क्रमांक.' 'किमोनो शोभून दिसणारी निवेदिका.' 'जिने सकाळी हाक मारून उठवावं असं वाटतं, अशी निवेदिका.' आणि कहर म्हणजे, 'जिच्याबरोबर बर्फात अडकून पडायला आवडेल अशी निवेदिका, दुसरा क्रमांक'! हा काय सन्मान झाला?

चर्चापानावर सगळ्या जगासमोर मामाशी भांडणं मला बरं वाटत नाही. पत्रात भांडू या का?

तुमची,
चिसातो

*

ओन्नेमोई,
२० मे

चिसातोस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग चिडलो, मग परत हसलो. घरातच शत्रू निघाला म्हणायचा! तुझ्या आईला फोन करून विचारलं, पोरगी लहानपणापासून अशीच का? म्हणाली, भाऊ, ती माझ्या वाणसामानाच्या चिठ्ठ्यासुद्धा तपासायची.

आता ऐक. गुडघे गेल्यापासून मला बोटीवर कुणी घेत नाही. पुतण्या म्हणतो, "काका, तुम्ही किनाऱ्यावर बसून कोन्बु वाळतोय का बघा." कोन्बु काय बघायचा? समुद्रातलं शेवाळ ते, आपापलं वाळतं. म्हणून नगरपालिकेच्या कॉम्प्युटरच्या वर्गाला गेलो. पहिल्या दिवशी बाईंनी सांगितलं, आपल्या गावाशी संबंधित काहीतरी शोधा. मी नागोशी सुमिए शोधलं. दोन ओळी होत्या! जन्म कुठे, नोकरी कुठे, संपलं. आमच्या ओन्नेमोईचा तर उल्लेखच नाही. तिची पहिली नोकरी इथल्या छोट्या केंद्रावरची. त्या टेकाडावर मनोरा होता, खाली एक खोली.

मग मी जुनी मासिकं गोळा केली. न्हाव्याकडे होती, दंतवैद्याकडे होती, माझ्या मेहुण्याकडे तर भरपूर होती, का ते विचारू नकोस. जे जे सापडलं ते घातलं. दोन ओळींच्या बाईची वीस ओळींची बाई केली. आणि तू येऊन परत दोन ओळींची केलीस.

बर्फाचं म्हणशील तर तुला बर्फात अडकून पडणं म्हणजे काय ते माहीत नाही. सेंदाईला बर्फ पडतो तो साखर भुरभुरल्यासारखा. इकडे अडकलं की माणूस पारखूनच घ्यावा लागतो. तो मोठाच सन्मान आहे.

मी सगळं परत घातलंय. सकाळी बघ.

तोकुजीमामा

ता. क. सोबत थोडा कोन्बु पाठवतोय. भांडणाचा त्याच्याशी संबंध नाही.

*

सेंदाई,
२७ मे

मामा,

कोन्बु मिळाला. आमच्या इमारतीच्या जिन्यात समुद्राचा वास सुटलाय. शेजारच्या आजींनी दार वाजवून विचारलं की कुणाकडचा आहे. अर्धा त्यांना दिला.

आता वाईट बातमी. मी यादी पुसल्यावर लेख इतका उघडा पडला की कुणा तिसऱ्याच संपादकाने तो पाहिला आणि अख्खा लेखच वगळावा असा प्रस्ताव टाकला. त्याचं म्हणणं, ही बाई विश्वकोशात असावी असं हिने केलंय काय? एका प्रांतातल्या रेडिओवर सकाळचा कार्यक्रम, एवढंच. तुम्ही परत घातलेली यादी बघून तर तो अजूनच पेटला. त्याने लिहिलंय, "बर्फात अडकण्याचा दुसरा क्रमांक हेच जर हिचं कर्तृत्व असेल, तर माझं मत आणखी पक्कं झालं."

मामा, यात माझाही हात आहे, हे मला टोचतंय. मला बिरुदं नको होती, बाई हवी होती. मी चर्चेची मुदत पुढच्या महिनाअखेरीपर्यंत वाढवून घेतलीय.

आता मुद्द्याचं. एखादा पुरस्कार चरित्रात ठेवायचा की नाही हे ठरवताना मी बघते की देणाऱ्याखेरीज आणखी कुणी त्याची दखल घेतली का. मासिकाने स्वतःच यादी काढली, स्वतःच छापली आणि पुढच्या महिन्यात तेच विसरलं, तर ती त्या मासिकाची विक्री झाली, तिचा सन्मान नव्हे. पण दुसऱ्या एखाद्या वर्तमानपत्राला त्याची बातमी द्यावीशी वाटली, तर त्यात काहीतरी असतं.

त्या कसोटीवर तुमच्या यादीतलं काय टिकतं ते तुम्हीच सांगा. कमी ठेवा. दहा फुसक्या गोष्टींत एक खरी असली तरी ती फुसकीच दिसते.

चिसातो

*

(पोस्टकार्ड)
ओन्नेमोई, १ जून

चिसातो, दोन दिवस जेवण गेलं नाही. गोड आवाज काढ. किमोनो काढ. सकाळची हाक काढ. बर्फसुद्धा काढ. मेहुण्याला वाईट वाटेल, वाटू दे. पण सगळ्यात खालची ओळ काढायची नाही. 'ओन्नेमोई कोन्बु सहकारी संस्थेच्या सभासदांनी निवडलेला वर्षाचा आवाज, १९७४.' ती राहिली पाहिजे. बाकी सगळं गेलं तरी चालेल. मामा.

*

सेंदाई,
९ जून

मामा,

तुमचं कार्ड वाचून मी बुचकळ्यात पडले. सगळ्या यादीत सर्वांत लहान तीच ओळ. ती मासिकं निदान लाखांनी खपायची. हे तर सहकारी संस्थेचं महिन्याचं पत्रक (मी जुने अंक मागवून चाळले), त्यात कोन्बुचे भाव, जाळ्यांच्या जाहिराती, आणि कोपऱ्यात कुठेतरी 'वर्षाचा आवाज'. बरं, पुढच्या वर्षी कुणाला दिला? कुणालाच नाही. आधीच्या वर्षी? कुणालाच नाही. एकदाच दिलेला, एकाच माणसाला दिलेला पुरस्कार! चर्चेत हे मांडलं तर तो संपादक हसून लोळेल.

रागावू नका, पण मी एक विचारते. तेव्हा तुम्ही ऐन तारुण्यात होता. गावात राजधानीसारखी बोलणारी एक तरुण निवेदिका आली. गावातल्या पोरांनी मिळून एक पुरस्कारच काढला... असं काही होतं का? असलं तर ते गोड आहे मामा, खरंच. पण ते चरित्रात बसत नाही.

तुम्ही सांगणार नसाल तर मी सुमिए-सान यांनाच विचारीन. त्या ओतारूला राहतात असं कळलंय. पुढच्या आठवड्यात सुट्टी घेऊन जातेय. नाहीतरी त्यांच्याबद्दल इतकं भांडायचं आणि त्यांना एकदाही विचारायचं नाही, हे मला बरोबर वाटत नाही.

चिसातो

*

ओन्नेमोई,
१३ जून

चिसातो,

तारुण्य! माझं तारुण्य माशांच्या आतड्यांत गेलं. मी तिला तेव्हा एकदाही पाहिलं नव्हतं. गावातल्या कुणीच पाहिलं नसेल, फार तर केंद्राच्या खाली राहणाऱ्या तोफूवाल्याने. ती सकाळी वर जायची आणि आम्ही त्याच्या कितीतरी आधी पाण्यावर असायचो.

मला सांगता येत नाही असं नाही. सांगायचं नाही असं ठरलंय. कुणा एकाच्या पोटावर पाय आला असता म्हणून गावाने तोंड बंद ठेवलं, आणि एकदा ठेवलं ते ठेवलं. तू तिला त्रास देऊ नकोस. गेलीस तर माझं नाव सांगू नकोस. सांगितलंस तर निदान बोटीचं नाव सांग. आमची बोट वाकाशिओ मारू.

तोकुजीमामा

*

ओतारू,
१८ जून

मामा,

मी आत्ता स्टेशनजवळच्या चहाच्या दुकानात बसून लिहितेय. गाडीची वेळ होत आलीय, अक्षर सांभाळून घ्या.

सुमिए-सान यांचं घर चढावर आहे. त्या काठी टेकत स्वतः दारात आल्या. उंच, सडपातळ, केस अगदी पांढरे. आणि आवाज! मामा, मी इतके दिवस 'गोड आवाज' वाचत होते. तो गोड नाहीच. तो सपाट आहे. शांत पाण्यासारखा, कुठे उंचवटा नाही की खड्डा नाही. मी हे बोलून गेले तर त्या हसल्या.

"साप्पोरोतले साहेब याच्यावरूनच वैतागायचे," म्हणाल्या. "म्हणायचे, नागोशी, तू आगीची बातमी आणि लग्नाची बातमी एकाच सुरात वाचतेस. म्हणून तर मला कोपऱ्यातल्या केंद्रावर धाडलं. गोड बोलायला मी नंतर शिकले, पोटासाठी."

मी त्यांना पुरस्कारांची यादी दाखवली. चष्मा लावून त्यांनी वाचली आणि बर्फाशी येऊन थांबल्या.

"हे कुणी ठरवलं? मला विचारलं होतं का? मला थंडी अजिबात सोसत नाही. काढून टाक बाई."

"सगळे काढू?"

"सगळे काढ."

मग त्यांची नजर शेवटच्या ओळीवर गेली. चष्मा काढला, पुसला, परत लावला. उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं केलं. बऱ्याच वेळाने चहा घेऊन आल्या.

"ही राहू दे," म्हणाल्या.

"का राहू दे? चर्चेत मला कारण द्यावं लागेल."

"कारण मला तरी कुठे धड माहितीये? मी एका खोलीत बसून बोलत होते. समोर काच, काचेपलीकडे पांढरं. तिकडे पाण्यावर काय झालं ते मला कधी दिसलंच नाही. नंतर दोन-चार दिवसांतच माझी बदली झाली आणि कुणाला विचारायची सोय नव्हती. ज्याने दिला त्याला विचार."

तेव्हा मी, माझे मामा त्यांतलेच एक, असं म्हणून तुमच्या बोटीचं नाव सांगितलं. त्यांनी ते स्वतःशी पुटपुटलं, "वाकाशिओ मारू." मग म्हणाल्या, "तुझ्या मामांना सांग, इवाबुची-सान गेल्या हिवाळ्यात वारले. त्यांची मुलंही आता निवृत्त झाली. आता बोलायला हरकत नाही. आणि ते जे काही सांगतील ते मलाही कळव. मला कळायला हवंय."

मामा, हे इवाबुची-सान कोण? काय झालं होतं?

चिसातो

*

ओन्नेमोई,
२४ जून

चिसातो,

इवाबुची गेला हे मला माहीत नव्हतं. तुझं पत्र घेऊन मी टेकाडावर गेलो. मनोरा केव्हाच पाडलाय, आता तिथे गवत आहे. तिथे जरा बसून आलो, आणि आता लिहितो.

१९७४ चा जुलै. मी आणि माझा मोठा भाऊ सादाओ वाकाशिओ मारूवर होतो. बोट म्हणजे काय, दोन माणसं आणि कोन्बुचा ढीग, एवढीच जागा. पहाटे धक्क्यावर बावटा चढला की सगळ्या बोटी एकदम सुटतात, जो आधी पोचेल त्याला चांगली जागा. लांब दांडा पाण्यात खुपसायचा, कोन्बु गुंडाळायचा, उपटून ओढायचा. मान वर करून बघायला कुणाला सवड नसते.

त्या दिवशी मान वर केली तेव्हा जग नव्हतं. धुकं आम्हाला नवं नाही, पण हे वेगळंच. सादाओ बोटीच्या मागच्या टोकाला बसला होता, मी पुढे. मला त्याचे गुडघे दिसत होते, तोंड नाही. किनाऱ्याकडे खडकांची रांग, दुसऱ्या बाजूला प्रवाहाची ओढ, आणि त्या ओढीत सापडलं तर ती रेषा, जी पाण्यावर दिसत नाही पण ओलांडली की रशियन गस्तीची बोट येते. गावातली काही माणसं तशी गेली होती आणि वर्षं काढून परत आली होती. भोंगा वाजत होता, पण धुक्यात भोंगा सगळीकडून ऐकू येतो.

आमच्याकडे एक ट्रान्झिस्टर होता. तो आडवा धरून हळूहळू फिरवला की एका जागी आवाज बारीक होतो, एकदम विझतो. तेव्हा रेडिओचं टोक ज्या रेषेत असतं त्या रेषेत मनोरा. मनोरा टेकाडावर, टेकाडाखाली बंदर. पुढे की मागे, ते लाटांवरून कळतं. ही युक्ती सगळ्यांना ठाऊक होती. पण त्या सकाळी साप्पोरोहून गाण्यांचा कार्यक्रम चालला होता. गाणं आपलं आपणच वर जातं, खाली येतं. आवाज विझला तो रेडिओ फिरवल्याने की गाणारी थांबली म्हणून, कसं कळणार? सादाओ ओरडत होता, "कुठे? कुठे?" आणि मी म्हणत होतो, "थांब, ती श्वास घेतेय!"

मग गाणं मध्येच तुटलं. खरखर झाली. आणि ती बोलायला लागली.

नंतर कळलं की संस्थेच्या कचेरीतून कुणीतरी केंद्रावर फोन केला होता, "गाणी बंद करा, नुसतं बोला, बोटी बाहेर आहेत." पैसे घेऊन लावलेला कार्यक्रम तोडायची कुणाची छाती? नियमाने नोकरीच जायची. इवाबुची तिथला तंत्रज्ञ. त्याने साप्पोरोची तार उपसली आणि तिला म्हणाला, "बोल." वर कळवलं, तारेत बिघाड आहे. म्हणून आम्ही कधी बोललो नाही. त्याला लहान मुलं होती.

तिने आधी हवामान वाचलं. मग बसचं वेळापत्रक. मग शाळेतल्या जेवणात आठवडाभर काय काय आहे. हरवलेल्या छत्र्या. सगळं त्याच एका सुरात, न चढता, न उतरता. मी रेडिओ फिरवला. आवाज होता, होता, होता, आणि विझला. चाकूने कापल्यासारखा. मी म्हटलं, "दादा, इकडे!" अगं, काय सांगू तुला, तिचा आवाज जिथे ऐकू येईनासा होत होता तिथे आमचं घर होतं.

ज्यांच्याकडे रेडिओ नव्हते ते बादल्या बडवत होते. आम्ही आवाजाच्या रोखाने जाऊन दोरी फेकायचो. एक बोट बांधली, तिच्यामागे दुसरी. मागे वळून बघितलं तर दोरी धुक्यात जात होती, तिच्या टोकाला कोण आहे ते दिसत नव्हतं, पण बादल्या वाजत होत्या.

तिच्याजवळचं वाचायचं संपलं असावं. तिने गावाचं टेलिफोनचं पुस्तक घेतलं आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली. आडनाव, नाव, वाडी, नंबर. आम्ही पाण्यावर, काही दिसत नाही, आणि एक बाई एकेकाच्या घराचं नाव घेतेय. कुणाचं तरी नाव आलं की मागच्या धुक्यातून ओरडा यायचा, "आमचं! आमचं!" आमच्या बापाचं नाव आलं तेव्हा सादाओ रडायला लागला. तो रडताना मी तेव्हाच काय तो पाहिला, म्हणजे ऐकला.

सगळ्या बोटी धक्क्याला लागल्या. एकही गेली नाही. बायका धक्क्यावर उभ्या होत्या, पोरं होती, कुणीतरी भाताचे गोळे वाटत होतं. प्रत्येक घरात, प्रत्येक दुकानात रेडिओ चालू होता आणि ती अजून वाचत होती. केंद्रावर फोन करून सांगायला हवं होतं, पण कुणी उठेचना. सगळं गाव भात तोंडात धरून ऐकत उभं होतं. तिचा आवाज फाटायला लागला तेव्हा कुठे म्हातारा पोस्टमन धावला. तोवर ती 'य' वर पोचली होती.

आम्ही काय देणार? कुणाला सांगायचं नाही, सरकारला नाही, पेपरला नाही. म्हणून पत्रकात एक चौकट टाकली, वर्षाचा आवाज. सगळ्या सभासदांनी मत दिलं. पुढच्या वर्षी कुणाला देणार होतो?

हे तिला कळव. तू विश्वकोशात काय लिहायचं ते तू ठरव.

तोकुजीमामा

*

सेंदाई,
६ जुलै

मामा,

तुमचं पत्र मी वाचनालयात, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत उघडलं. डबा तसाच राहिला. सहकारी बाई विचारत होती, "घरी सगळं बरं आहे ना?" मी म्हटलं, "सगळे घरी पोचले." तिला काही कळलं नाही.

त्याच संध्याकाळी तुमचं पत्र सुमिए-सान यांना जसंच्या तसं वाचून दाखवलं, फोनवर. मी वाचत होते आणि त्या ऐकत होत्या, आणि मधेच मला जाणवलं की मी कुणाला वाचून दाखवतेय. माझा आवाज नीट राहीना. त्या म्हणाल्या, "सावकाश वाच. श्वास घे." पत्र त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग एवढंच विचारलं, "एकही गेली नाही?" मी म्हटलं, "एकही नाही." "इतकी वर्षं मला कुणी हे सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "पोस्टमन आला तो धापा टाकत होता. म्हणाला, बाई, पुरे. मला वाटलं, आता शोधण्यात अर्थ नाही म्हणून पुरे."

मामा, त्यांनी हे इतकी वर्षं मनात घेऊन काढलं. पेपरात दुर्घटनेची बातमी आली नाही, म्हणून बुद्धीने कळत होतं. पण कुणी सांगितलं नव्हतं.

आता विश्वकोशाचं. तुमच्या पत्रातलं एक अक्षरही मला तिथे घालता येत नाही. कुठे छापलेलं नाही, आणि मामाचं पत्र हा संदर्भ होत नाही. सुमिए-सान यांनाही ते नको होतं. मग उरली तुमची ती एक ओळ, आणि तिची दखल आणखी कुणी घेतली का, हा माझाच प्रश्न. मी पुन्हा सुट्टी घेऊन कुशिरोच्या वाचनालयात गेले, तिथे त्या वर्षीचं स्थानिक वर्तमानपत्र आहे. आतल्या पानावर छोटी बातमी सापडली. तुमच्या गावच्या कोळ्यांनी केंद्राच्या दाराशी कोन्बुचा एवढा ढीग आणून रचला की दार उघडेना, आणि तो 'वर्षाचा आवाज' ठरलेल्या, बदली होऊन गेलेल्या निवेदिकेला पाठवण्यासाठी होता म्हणे. बातमीदाराने खाली लिहिलंय, "एवढ्या लोकप्रियतेचं कारण विचारलं असता कुणीही काही बोललं नाही." साप्पोरोच्या एका दैनिकात त्या निवृत्त झाल्या तेव्हाचा लेखही मिळाला.

दोन्ही चर्चेत ठेवले. बाकीची बिरुदं मीच काढली आणि तसं सांगितलं. त्या संपादकाने दोन्ही वाचले. मग त्याने लिहिलं, "ज्या पुरस्कारासाठी माणसं दार अडेल इतका कोन्बु वाहून आणतात आणि कारण सांगत नाहीत, तो छोटा आहे असं मला म्हणवत नाही. प्रस्ताव मागे."

लेख राहिला. पुरस्कार म्हणून एकच ओळ आहे. मी इतकी वर्षं इतकी चरित्रं नीट केली, पण या ओळीइतकी जड ओळ मी आजवर लिहिली नाही. आता कुठलीही छोटी ओळ पुसताना माझा हात थबकतो. पुसते मी अजूनही, पण आधी जरा थांबते.

सुमिए-सान विचारतात, कोन्बुचा हंगाम संपला की ओन्नेमोईला आलं तर चालेल का?

चिसातो

*

ओन्नेमोई,
२९ सप्टेंबर

चिसातो,

तुला रजा मिळाली नाही म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

ती काल आली. पुतण्याने गाडीने आणलं. चालेल का म्हणे! संस्थेच्या सभागृहात चटया घातल्या होत्या, बायकांनी सकाळपासून स्वयंपाक केला होता, आणि आम्ही म्हातारे दाढ्या करून, लग्नाचे कोट घालून भिंतीला टेकून बसलो होतो. ती दारात आली तसे सगळे उठले. गुडघ्यांचे आवाज ऐकायला हवे होतेस.

अध्यक्षांनी भाषण लिहून आणलं होतं. "आदरणीय नागोशी सुमिए-सान," एवढं म्हणाले आणि कागद घडी करून खिशात घातला. ती समोर बसली होती, आम्ही तिच्याकडे बघत होतो. इतकी वर्षं जिला कानाने ओळखत होतो ती एक पांढऱ्या केसांची बाई होती. तिलाही आम्ही परकेच.

तीच म्हणाली, "मी तुम्हाला कधी पाहिलं नाही. असं बघून मला काही ओळख पटणार नाही. मी डोळे मिटते. एकेकाने बोटीचं नाव सांगा."

तिने काठी मांडीवर आडवी ठेवली आणि डोळे मिटले.

मग कोपऱ्यातून खाकरून आवाज आला, "दाइकिची मारू." ती मान हलवून म्हणाली, "हं." मग "होशो मारू." "हं." पुढे नावं येत गेली. कुणाचा आवाज घोगरा, कुणाचा कापरा. मात्सुए मारूचा माणूस वारलाय, त्याची बायको बोलली. एका बोटीच्या वतीने नातसून बोलली, तिच्या कडेवर पोर होतं, तेही मधेच काहीतरी बोललं, आणि ती त्यालाही "हं" म्हणाली. सादाओ जाऊन बरीच वर्षं झाली. आमचं नाव मी सांगितलं. मी ओरडूनच सांगितलं बहुतेक, पुतण्या नंतर हसत होता.

शेवटचं नाव झालं. पण तिने डोळे उघडले नाहीत. कान देऊन बसली होती, अजून कुणी यायचं असेल तर.

मग तिने त्याच आवाजात, न चढता, न उतरता विचारलं, "सगळ्या आल्या?"

"आल्या," आम्ही सगळे एकदम म्हणालो.

तोकुजीमामा